मोरटाक्याचे वळण आणि शेजाऱ्याचे फूल

घाट चढून येताना, माथा अगदी समोर दिसू लागल्यावर, रस्ता एकाएकी डावीकडे वळतो, हे आपल्या लक्षात आले असेल. सरळ गेला असता तर तो चाळीस पावलांत माथ्याला लागता. तसे न करता तो मोठा वळसा घेतो, आणि गाडी चालवणारे त्याला रोज नावे ठेवतात. या वळणाच्या पोटात कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. त्यावरूनच आमच्या गावाला मोरटाके म्हणतात. टाक्याच्या चारही बाजूंनी उंटकटाऱ्याचा दाट पट्टा आहे. सध्या मार्गशीर्ष असल्यामुळे त्याची निळसर-पांढरी, चेंडूसारखी गोल फुले आपणांस दिसत आहेत. कृपया हात लावू नये. वळणाच्या टोकाशी मात्र गावठी गुलाबाचे एकच झुडूप आहे, आणि ते तिथे का, असे प्रत्येक जण विचारतो.

आणखी एक गोष्ट आपणांस विचित्र वाटली असेल. गावात शिरताच, पाण्याचा तांब्या हाती देण्यापूर्वी, आपणांस विचारण्यात आले, "तुमच्या मुलखाचं फूल कोणतं?" आपल्यापैकी एका गृहस्थांनी "फुलकोबी" असे उत्तर दिले. गेल्या वर्षीही एकांनी तेच दिले होते. आम्ही रागावत नाही. प्रश्न मात्र थट्टेचा नाही. वळण, काटे, गुलाब आणि प्रश्न या चारही गोष्टी एकाच हकिकतीतून आल्या आहेत असे सांगतात, आणि ती मी माझ्या आजोळच्या वडीलधाऱ्यांकडून जशी ऐकली तशी सांगतो. जिथे मी ग्रंथांतून पडताळून पाहिले आहे, तिथे तसे सांगेन. जिथे केवळ 'म्हणे' आहे, तिथे 'म्हणे' असेच म्हणेन.

शके सतराशे साठच्या सुमारास या घाटात सडक बांधण्याचे काम निघाले. त्यापूर्वी इथे केवळ पायवाट होती. कामावर देखरेख करण्यासाठी मॅक्रे नावाचे एक साहेब आले. उंच, लालसर दाढीचे आणि अबोल. त्यांनी मुनशी ठेवून मराठी शिकून घेतली होती, त्यामुळे ते पोथीसारखे शुद्ध बोलत, आणि पुष्कळदा त्यांचे बोलणे आमच्या लोकांना समजत नसे. दगड, चुना आणि धान्य वाहून आणण्यासाठी रूपला नाईक नावाच्या लमाणाचा तांडा होता. तांड्यात तीनशे बैल होते म्हणे. सडकेची आखणी टाक्याच्या काठावरून झाली होती, आणि बैलांचा पाणवठा म्हणून हेच टाके धरावे, असा पुण्याहून हुकूम होता.

आता हे टाके त्या काळी आमच्यासाठी काय होते, ते ध्यानी घ्यावे. कार्तिक सरला की डोंगरावर दुसरे पाणी राहत नसे. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत सारे गाव या एका टाक्यावर जगत असे. त्याची राखण कोळ्यांच्या घराकडे होती, आणि त्या काळी त्या घरात भिवराबाई नावाची विधवा बाई कर्ती होती. टाक्यात पाय घालू न देणे, गाळ काढणे आणि उन्हाळ्यात घरटी घागरी वाटून देणे ही तिची कामे. तीनशे बैल दोन वेळा टाक्यात उतरू लागल्यावर पंधरा दिवसांत पाण्याचा रंग बदलला. नंतर वास येऊ लागला. गावात पोटाचे दुखणे पसरले आणि दोन घरांतले पाळणे रिकामे झाले. पाणी असेच राहिले तर फाल्गुनाच्या आत गाव उठवावे लागेल, हे भिवराबाईने ओळखले.

गावकऱ्यांनी विचार केला की साहेबांना चंपाषष्ठीच्या प्रसादाला बोलवावे, त्यांचा मान करावा आणि मग गाऱ्हाणे घालावे. मान कशाने करावा? तालुक्याच्या कचेरीतील अंताजीपंत नावाच्या कारकुनाने सांगितले की इंग्रजांच्या देशाचे फूल गुलाब, तेव्हा गुलाबच न्यावा. पंतांनी सांगितले ते आपल्या जागी बरोबरच होते. इंग्लंडचे फूल गुलाब, हे मीही वाचलेले आहे. आमच्या डोंगरावर गुलाब कुठला? भिवराबाईचा दीर बारा कोस चालून गेला आणि एका बागेतून देठांसकट गुलाबांची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. वाटेत तो स्वतः पाणी प्याला नाही, फडके ओले ठेवले, असे सांगतात.

चंपाषष्ठीच्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. साहेब आले. खंडोबाच्या देवळापुढील ओट्यावर त्यांना बसवले आणि भिवराबाईने गुलाबांचा हार पुढे केला. साहेबांनी हात जोडले, हार घेतला, क्षणभर पाहिला आणि गळ्यात न घालता बाजूच्या दगडावर ठेवून दिला.

बारा कोसांवरून आणलेले फूल, आणि ते दगडावर! हैबती गुरव म्हणून देवळाचे एक वृद्ध पुजारी होते. ते हळूच म्हणाले की हार बहुधा कमी पडला, साहेबांची मान मोठी आहे. कोणी हसले नाही. गाऱ्हाणे घालण्यापूर्वीच साहेबांचे मन मोडले, असे सर्वांना वाटले. अखेर भिवराबाईनेच धीर केला.

"सायेब, आमचं कायतरी चुकलं. तुमच्या मुलखाचं फूल म्हनून आनलं व्हतं."

साहेब म्हणाले, "बाई, आपली कृपा थोर आहे. परंतु हे माझ्या शेजाऱ्याचे फूल आहे."

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले आहे, आणि मी पुस्तकांतून पडताळून पाहिले तेव्हा ते बहुतेक सारे खरे निघाले. आपल्याकडे अजूनही सरसकट 'इंग्रज' म्हणण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. साहेब म्हणाले की समुद्रापलीकडे आमचे एकत्र कुटुंब आहे, त्यात भाऊबंद चार. घराचा उंबरा एक, चुली वेगळ्या. इंग्लंड थोरले आणि बळकट, त्यांचे फूल गुलाब. त्यांच्या पश्चिमेस वेल्स, त्यांचे चिन्ह कांद्याच्या पातीसारखी एक भाजी. समुद्र ओलांडून आयर्लंड, त्यांचे चिन्ह तीन पानांचे एक नाजूक रोप. आणि उत्तरेला, थंड डोंगरांत, स्कॉटलंड. ते माझे घर. (वेल्सचे लोक पुढे पिवळे डॅफोडिलही मिरवू लागले, आणि आयर्लंडचा आता केवळ उत्तर भाग त्या कुटुंबात उरला आहे. साहेबांच्या काळी तसे नव्हते, एवढे मी माझ्या पदरचे सांगतो.)

पातीच्या कांद्याचे ऐकून हैबती गुरवांना राहवले नाही. चातुर्मासात कांदा वर्ज्य करून चंपाषष्ठीलाच तो पुन्हा ताटात घेतलेली ती मंडळी. ते म्हणाले, "म्हंजी त्या वेल्सवाल्यांची बारा म्हैनं चंपाषष्ठीच."

तेव्हा साहेब हसले म्हणे. तिथवर कोणी त्यांना हसताना पाहिले नव्हते. मग त्यांनी जमिनीवर सांडलेल्या भंडाऱ्यात बोटाने निशाण काढून दाखवले. इंग्लंडची उभी-आडवी तांबडी फुली, स्कॉटलंडची निळ्यावर पांढरी तिरकी फुली, आयर्लंडची तांबडी तिरकी, आणि तिन्ही एकमेकींवर ठेवल्या म्हणजे कुटुंबाचे एक निशाण. भिवराबाईने विचारले की चौथ्या भावाचे काय? साहेब म्हणाले की वेल्सला त्यात जागा मिळाली नाही, त्यांच्या स्वतःच्या निशाणावर तांबडा उडता सर्प आहे. भिवराबाई एवढेच म्हणाली की प्रत्येक घरात एकाचे असे होते.

प्रत्येकाचा संत निराळा, हे आमच्या लोकांना लगेच उमगले. कुलदैवते निराळी, त्यात नवल काय? साहेबांच्या संताचा दिवस नोव्हेंबरच्या अखेरचा, आणि त्या वर्षी तो चंपाषष्ठीलाच आला होता असे सांगतात. पंचांग मांडून मी ते पाहिलेले नाही. त्या संताने तिरक्या फुलीच्या लाकडावर देह ठेवला, म्हणून निशाणावर ती फुली. स्कॉटलंडचा प्राणी कोणता, तर कपाळावर एक शिंग असलेला घोडा. तो कोणी पाहिला आहे का, असे गुरवांनी विचारले. साहेब म्हणाले, कोणीही नाही. गुरव म्हणाले की मग चिन्ह निवडले ते शहाण्याने, कोणी त्याची शिकार करणार नाही.

"आन् तुमचं फूल?" भिवराबाईने विचारले.

साहेब उठले. ओट्याच्या मागे उतारावर उंटकटारा माजला होता, तिकडे त्यांनी बोट केले. हेच नव्हे, पण याचा सख्खा भाऊ, जांभळ्या तुऱ्याचा, असे म्हणाले.

आता मात्र सारा ओटा हसला. गाढवेसुद्धा नाइलाजाने खातात ते झाड, आणि एका राज्याचे फूल! साहेबांनी हसू सरू दिले आणि मग त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेली कथा सांगितली. फार पूर्वी उत्तरेच्या समुद्रातून शत्रू होड्यांतून आला. चाहूल लागू नये म्हणून शत्रूने पायताणे काढली आणि तो अंधारात निजलेल्या लोकांवर चालून निघाला. त्यांतील एकाचा अनवाणी पाय या काट्यावर पडला. तो ओरडला, लोक जागे झाले आणि देश वाचला. राजाने ज्याचे उपकार मानावेत असा एकही योद्धा त्या दिवशी नव्हता, होते ते हे काटेरी रोप, म्हणून त्याला मान मिळाला. ही कथा खरी की रचलेली, याबद्दल तिकडचे विद्वानही हात राखून बोलतात.

कथा संपल्यावर साहेबांनी उलट विचारले, "आपल्या गावाचे फूल कोणते?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. कोणी झेंडू म्हणाले, कोणी बेल म्हणाले, पण ती देवाची होती, गावाची नव्हती. गावाला फूल असते हेच कोणाला ठाऊक नव्हते. भिवराबाई बराच वेळ त्या उताराकडे पाहत राहिली आणि मग तिने गाऱ्हाणे घातले. ती म्हणाली की टाके आमचे राहू द्या. साहेब म्हणाले की पाणवठ्याचा हुकूम वरचा आहे, तो मोडण्याचा अधिकार मला नाही. तेव्हा ती म्हणाली की हुकूम मोडू नका, मला एक वर्ष द्या. पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत बैल खालच्या डोहावर न्या. नंतर ते टाक्यावर आले तर मी आडवी येणार नाही.

साहेबांनी त्या तिरक्या फुलीवर हात ठेवून शब्द दिला, असे सांगतात.

डोह दोन कोस खाली आहे. जाऊन येऊन बैलांचा निम्मा दिवस मोडू लागला. काम रेंगाळले. पुण्याहून जाब विचारणारी पत्रे येऊ लागली. साहेब उत्तरे लिहीत राहिले आणि बैल डोहावर पाठवीत राहिले. इकडे भिवराबाईने गावातील बायकांना घेऊन साऱ्या डोंगरावरचे उंटकटाऱ्याचे बी गोळा केले. त्या बोंडांतून बी काढणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. बायकांना महिनाभर भाकरी थापवली नाही म्हणे, इतके तळहात सोलले होते. मृगात टाक्याभोवती वीस पावले रुंदीचा पट्टा पेरला. मार्गशीर्षात तो छातीइतका झाला.

त्यात एक गोष्ट अशी होती की पट्ट्यातून वाट ठेवलेली नव्हती. गावात पायताणे दोन-चार घरांतच. बायका अनवाणी त्या काट्यांतून जाऊन पाणी आणीत. हैबती गुरवांनी भिवराबाईला वेडी म्हटले. ती घागर घेऊन पुन्हा काट्यांत शिरली.

चंपाषष्ठी उलटली आणि पुण्याचे वरिष्ठ साहेब जातीने चौकशीला आले. त्यांचे नाव कोणी सांगत नाही, ते इंग्लंडचे होते एवढेच सांगतात. त्यांनी हुकमाचा कागद काढून मॅक्रेसाहेबांना दाखवला आणि बैल टाक्यावर चढवण्यास फर्मावले. मॅक्रेसाहेबांचा शब्द पुरा झाला होता. ते बाजूला झाले. रूपला नाईकाने तांडा हाकला. पहिला बैल पट्ट्याशी आला, त्याने तोंड खाली घातले, नाक टोचताच मागे सरला आणि मागचे सारे एकमेकांवर आदळले. नाईकाने बैल हाकण्याची पराणी खाली टाकली.

"सायेब, मला कापा, पर हितनं फुडं माजा बैल जायचा न्हाई," असे तो म्हणाला.

वरिष्ठ साहेबांचा संताप झाला. शंभर माणसे लावून हे सारे दिवस मावळण्याच्या आत कापून काढा, असा त्यांनी हुकूम दिला. कामगार विळे घेऊन पुढे आले. वर्षभराची पेरणी आणि गावाचे पाणी, दोन्ही त्या विळ्यांच्या टोकाशी येऊन थांबले होते.

त्या वेळी भिवराबाई पट्ट्याच्या आतून बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसरा हात पदराखाली. पायांवरून रक्ताचे ओघळ आले होते. ती घोड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पानी देते. पर आदी सांगा, तुमच्या मुलखाचं फूल कोनतं?"

मॅक्रेसाहेबांनी भाषांतर केले. वरिष्ठ साहेब चकित झाले. गुलाब, असे ते म्हणाले.

तेव्हा तिने पदराखालचा हात पुढे केला. हातात ताजा गुलाब होता. मागील वर्षी जो हार दगडावर राहिला होता, त्याच्या जुडीतले उरलेले देठ तिने टाकून दिले नव्हते. टाक्याच्या पाझराशी ओल्या मातीत खोचले होते, आणि त्यांतला एक जगला होता.

साहेबांनी गुलाब घेतला. ते घोड्यावरून उतरले. आपल्या घरापासून इतक्या दूर, या उघड्या डोंगरावर, आपल्या मुलखाचे फूल कोणी विचारून हाती देईल, असे त्यांना कधी वाटले नसेल. त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली आणि त्यांनी विचारले की स्वतःसाठी तरी वाट का ठेवली नाही?

भिवराबाई म्हणाली, "माझ्यापुरती वाट ठेवली असती, तर ती बैलांनाबी घावली असती."

साहेब पाणी प्याले. रिकामा तांब्या स्वतःच्या हाताने तिला परत दिला. मग त्यांनी आखणीचा नकाशा मागवला, तिथेच दगडावर पसरला आणि पेन्सिलीने सरळ रेघ खोडून तिला डावीकडे वळण दिले. बैलांसाठी खालच्या अंगाला निराळा हौद बांधण्याचा हुकूमही त्याच दिवशी निघाला. येताना आपण तो पाहिला असेल. अजून त्यात ढोरे पाणी पितात.

कामात दिरंगाई झाल्याचा ठपका मात्र मॅक्रेसाहेबांवर राहिला आणि त्याच वर्षी त्यांची दूर दक्षिणेत बदली झाली. जाण्याच्या दिवशी सारे गाव वळणावर उभे होते. या खेपेस हार नव्हता. भिवराबाईने पट्ट्यात हात घालून उंटकटाऱ्याचे एक फूल उघड्या हाताने तोडले. साहेबांनी हातमोजे काढले आणि ते उघड्या हातात घेतले.

ती म्हणाली, "सायेब, तुमी इचारलं व्हतं, गावाचं फूल कोनतं. तवा सांगता आलं न्हाई. आता आमचंबी ह्येच."

त्यांची ती पोथीतली मराठी त्या दिवशी कामी आली नाही. त्यांनी ते फूल टोपीत खोवले, वाकून नमस्कार केला आणि ते घाट उतरून गेले. ते पुन्हा इकडे आले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, हे मी पुष्कळ शोधले. मला सापडले नाही.

राज्य करणारे गेले, हे योग्यच झाले. त्या राज्याचे कोणतेही ओझे आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्याने आपले काम रेंगाळू देऊन दिलेला शब्द पाळला, आणि ज्याने सर्वांदेखत आपली रेघ खोडली, त्या दोघांचे उपकारही आम्ही विसरलेलो नाही. त्याहून अधिक उपकार त्या बाईचे, जिने चूक कबूल केली आणि त्या चुकीचे देठही वाया जाऊ दिले नाहीत.

आजही या टाक्याभोवतीचा उंटकटारा कोणी उपटत नाही. मृगात रिकाम्या जागी बी टाकण्याचा मान कोळ्यांच्या घरातील सुनेचा असतो. आता गावात नळ आहे आणि पट्ट्यातून फरसबंद वाटही आहे. तरी चंपाषष्ठीला त्या घरातील एक बाई वाट सोडून काट्यांतून जाते आणि पहिली घागर आणते. गुलाब पाझराजवळून काढून वळणाच्या टोकाशी लावला, तो अजून आहे. आणि आजही, पाहुणा कोण हे आपणच ठरवून त्याच्या गळ्यात हार घालण्याची चूक पुन्हा होऊ नये म्हणून, आम्ही आधी विचारतो आणि मग पाणी देतो.

'फुलकोबी' सोडल्यास आपण अद्याप उत्तर दिलेले नाही. त्यात संकोच नसावा. आमच्या गावालाही एके काळी उत्तर देता आले नव्हते. ज्यांना ते येत नाही, त्यांना परत जाताना आम्ही आमचेच फूल देतो. हात पुढे करावा. थोडे टोचेल.